रहमतुल्लाचा बडा दिन

मंगरूळपीरच्या रहमतुल्ला पिंजाऱ्याला दोन कामं यायची. एक कापूस पिंजायचं, दुसरं चंद्र पाहायचं. पहिल्यावर त्याचं घर चालायचं आणि दुसऱ्यावर त्याची मान ताठ राहायची. पोटापेक्षा मानेची काळजी जास्त करणारी माणसं एरवी मला आवडत नाहीत, पण रहमतुल्ला आवडायचा.

मी तेव्हा तिथं देवीची लस टोचायला नेमलेला सरकारी नोकर होतो. लोक मला देवी डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, आणि तसं सांगायची घाईही मी कधी केली नाही. दर्ग्यामागच्या गल्लीत रहमतुल्लाच्या घरासमोर मी चार वर्षं काढली. दिवाळी सरली की तो खांद्यावर कमान टाकून निघायचा. कमान म्हणजे माणसाएवढं लांब धनुष्य, त्याला आतड्याची तात. कुणाच्या तरी अंगणात बसून तातेवर लाकडी ठोकळा मारला की तुंय तुंय आवाज निघायचा आणि जुन्या रजईतला दगड झालेला कापूस भुरभुर उडायला लागायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पांढरं. सकाळी पंचेचाळीस वर्षांचा माणूस घराबाहेर पडायचा आणि दिवेलागणीला सत्तरीचा म्हातारा परत यायचा.

पिंजलेल्या कापसाच्या रजया टाचायचं काम बायकोचं. सितारा ही त्यांची एकुलती मुलगी, जऊळक्याला दिलेली; म्हणून सारी गल्ली तिला सिताराची अम्मी म्हणायची. मी भाभी म्हणायचो. दारावर गोणपाटाचा पडदा असायचा आणि त्याच्या कडेनं भाजीची वाटी पुढं करणारा हात तेवढा मला दिसायचा. त्या हाताच्या बोटात शिवणाचं पितळी टोपण कायमचं बसलेलं. घरात ते उर्दूही बोलत, पण दोघांचीही वऱ्हाडी अस्सल.

आता चंद्राचं. महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळा मोहल्ला पश्चिमेकडं तोंड करून डोळे बारीक करायचा आणि चंद्राची कोर सगळ्यांत आधी दिसायची रहमतुल्लाला. "दिवसभर हवेतलं रुईचं रोम पाहून डोये सरावले जी," असं तो सांगे. बरं, नुसता पाहून थांबेल तर तो रहमतुल्ला कसला. महिना, तारीख, मागच्या सालचा सण, पुढच्या सालचा सण, सगळं त्याच्या डोक्यात. बाबूलाल किराणावाल्याची म्हैस कधी व्यायची, कुणाच्या सुनेला कितवा लागला, हेही लोक त्यालाच विचारत. छापील कॅलेंडर माझ्या भिंतीवर होतं. त्याच्याकडं तो कीव करून बघायचा. "कागदाले काय दिसते डॉक्टरसाहेब? त्यानं कधी वर पाह्यलं?"

एका वर्षी रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. मोहल्ला अडून बसला की रहमतुल्लानं फक्त दिसला म्हणावं. त्याचा थोरला भाऊ फय्याजमियां, बांगड्यांचं दुकान चालवणारा, घरातला कर्ता, तोही म्हणाला, "म्हन ना गा, दिसला असनच." रहमतुल्ला म्हणाला, "मले नाही दिसला." साऱ्यांना तिसावा रोजा धरावा लागला. शेवया तयार असूनही कुणाला खाता आल्या नाहीत, आणि आठ दिवस लोक त्याच्याशी तोंड वाकडं करून बोलत होते. नंतर मात्र सगळे म्हणायला लागले की हा माणूस न पाहिलेलं पाहिलं म्हणायचा नाही.

असा हा माणूस फसला तो दिव्यांपायी.

झालं असं की छत्तीस सालच्या हिवाळ्यात वाशीमच्या मिशनच्या दवाखान्यानं पंधरा रजया सांगितल्या. रहमतुल्ला बंडीत रजया घालून एकटाच गेला आणि नेमका बड्या दिवसाच्या संध्याकाळी पोचला. नाताळला आमच्याकडं बडा दिनच म्हणत. परत आला तो सांगताना थांबेचना. बंगल्याच्या कुंपणावर पणत्यांची रांग, वऱ्हांड्यात रंगीत कागदाचे कंदील, मध्ये एका झाडाला मेणबत्त्या लावलेल्या आणि झाड पेटत कसं नाही याचंच त्याला नवल. मी ऐकलं, गल्लीनं ऐकलं. सिताराच्या अम्मीनंही पडद्याआडून ऐकलं आणि तीन दिवस नवऱ्याशी अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं.

"रजया मी टाचल्या, आन् दिवे तुमी पाहून आले."

तेवीस दिवस कंदिलाच्या उजेडात ती पाठ मोडेस्तोवर बसली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तिथंच शब्द दिला की पुढच्या बड्या दिनाला तुला नेऊन दाखवीन. एकवीस वर्षांच्या संसारात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. निदान मोठ्यानं मागितलेली.

पण नेणार कसा? बंडीनं जायचं तर रात्र परगावी काढावी लागणार, आणि घरची बाई परक्या गावी रात्र काढते हे फय्याजमियांना चालणारं नव्हतं. प्रवाशांची मोटार सकाळी जायची न् दुपारी यायची. दिवे काय दुपारी लागतात? राहिली माझी फटफटी. एका जिनिंगच्या साहेबाकडून जुनी घेतलेली, बाजूला एक बसायचा डबा जोडलेला. गल्लीनं त्याचं नाव टोपली ठेवलं होतं. लसीची पेटी टोपलीत घालून मी गावोगाव हिंडायचो. टोपलीत भाभी, मागं रहमतुल्ला, चार वाजता निघून नऊच्या आत घरी. फय्याजमियांनी दाढी खाजवत होकार दिला, पण बजावून.

"एकदाच. पुन्हा हे मागाचं नाही. दर्ग्याच्या उरसात दिवे काय कमी लागते?"

"एकदाच, भाईजान," रहमतुल्लानं कबूल केलं.

सदतीस सालच्या डिसेंबरात, ईद होऊन दोन दिवस झाले असतील, तो माझ्याकडं आला. "ईदीपासून दहाव्या रोजी फटफटी पायजे." मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. त्याच सुमाराला माझी चांद्याला बदली झाल्याचा हुकूम आला होता. वीस तारखेला मला फटफटीसकट निघायचं होतं आणि मी त्याच गडबडीत होतो.

दहावा दिवस उजाडला. सकाळी मी लसीच्या वहीत तारीख घातली, चौदा डिसेंबर, आणि टाक तसाच धरून बसलो. चौदा! बडा दिन पंचवीसला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या वर्षी बडा दिन ईदीपासून दहाव्या दिवशी आला होता. म्हणून या वर्षीही दहाव्या दिवशी! ईद वर्षाला अकरा दिवस मागं सरकली, तर बड्या दिनानंही तिच्यामागून मुकाट्यानं सरकायला हवं, असा त्याचा सरळ हिशेब. सण म्हणजे चंद्रावर चालणारी गोष्ट, दुसऱ्या कशावर चालणारा सण त्याच्या जन्मात त्यानं पाहिलाच नव्हता.

मी सांगायला म्हणून रस्ता ओलांडून गेलो. रहमतुल्लानं लग्नातली शेरवानी घातली होती. पडद्याच्या खाली नव्या चपला मांडून ठेवलेल्या दिसल्या. आतून तळणाचा वास येत होता. पंचवीस तारखेला मी चांद्याला असणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. लहान पोरांच्या दंडात सुई खुपसताना माझा हात कधी अडला नाही, पण त्या दिवशी एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही. "चार वाजता तयार राहा," एवढं म्हणून मी परत आलो. भित्रेपणाच तो, दुसरं काय.

निघालो. भाभी बुरख्यात, वरून एक रजई, मांडीवर डबा. रहमतुल्ला माझ्या कमरेला धरून मागं. वाशीमचा रस्ता मुरमाचा, त्यात कापसाच्या बंड्या जिनिंगकडं चाललेल्या. फटफटीचा आवाज ऐकून बैल बुजायचे. एका बंडीवर लखीराम नावाचा तांड्यावरचा ओळखीचा बंजारा होता. त्यानं आधी शिव्या घातल्या, मग मला ओळखून रामराम घातला. सूर्य खाली गेला तशी थंडी बोटांतून मनगटापर्यंत चढली. मागून रहमतुल्ला माझ्या कानात ओरडून मागच्या वर्षीचे दिवे पुन्हा सांगत होता.

अर्ध्या रस्त्यावर, जिथं दोन्ही बाजूंना नुसतं साग आणि पळसाचं रान आहे, तिथं टोपलीतून पहिल्यांदा आवाज आला. "जरा हळू चालवा ना जी."

मला वाटलं भीती वाटली असेल. वेग कमी केला. तिरप्या नजरेनं पाहिलं तर भाभीनं बुरखा वर केला होता आणि ती मान उंच करून वारा तोंडावर घेत होती. मी नजर रस्त्यावर आणली. पुढं कितीतरी वेळ तिनं बुरखा खाली केला नाही आणि रहमतुल्लानंही तिला अडवलं नाही. डाव्या हाताला दहावीचा चंद्र वर आला होता. त्याच्याकडं बोट करून रहमतुल्ला म्हणाला, "पाह्यलं? बरोबर दहावी हाय. गिनतीत फरक नाही." माझं मन मला खात राहिलं.

मिशनच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कुंपणावर पणती नाही, वऱ्हांड्यात कंदील नाही. दवाखान्याच्या एका खिडकीत दिवा होता, तोही वात कमी केलेला. चौकीदार रामधन घोंगडी गुंडाळून बाहेर आला. रहमतुल्लाला त्यानं ओळखलं.

"काय पिंजारी, रजया आनल्या?"

"नाही. रोशनी पाहाले आलो. बड्या दिनाची."

"बडा दिन?" रामधन हसला नाही, हे त्याचे उपकार. "त्याले अजून अकरा रोज हायेत ना गा. पंचवीस तारखेले हाय."

"मागच्या साली ईदीपासून दहाव्या रोजी होता."

"असन. पन तो दरसाली पंचवीस डिसेंबरलेच राह्यते."

"दरसाली?"

"दरसाली."

"जागचा हलतच नाही?" रहमतुल्लानं विचारलं. "मंग त्यायले दरसाली थंडीतच सण? कधी उन्हाया नाही, कधी पानी नाही? आमची ईद तर साऱ्या मोसमायच्या घरी जाऊन येते." रामधन घोंगडी सावरत आत गेला.

रहमतुल्ला फाटकाशेजारच्या दगडावर बसला. शेरवानीवर वाटेची लाल धूळ बसली होती. तीस वर्षं सगळ्या गावाच्या तारखा वाहणारा माणूस, आणि बायकोला दिलेला एक दिवस त्याला सांभाळता आला नाही. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "सिताराची अम्मी, मी चुकलो. आन् आता पुन्हा मागता येत नाही."

मला राहवलं नाही. "रहमतुल्ला, मला सकाळीच कळलं होतं," मी म्हणालो. "सांगायला आलो होतो, पण धीर झाला नाही." त्यानं मान वर केली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा भाभी टोपलीतून उतरली. माझ्यासमोर ती कधी चार शब्द बोलली नव्हती. "त्यायच्यावर कायले नाराज होता? मले तर दहा रोजांपासून मालूम हाय."

"तुले?"

"या साली आठ रजया सांगतल्या ना मिशननं? त्यायचा मानूस कपडा द्याले आला तवा तुमी शेलूबाजारले गेलते. मले म्हनला, बड्या दिनाच्या आंदी पायजे, अजून तीन हप्ते हायेत. घरी पाच रजया टाचाच्याच पडल्या हायेत. आज बडा दिन असता तर मी त्या तशाच ठेवल्या असत्या का?"

रहमतुल्लाला हे सुचायला हवं होतं. कापूस त्यानंच पिंजून दिला होता. "मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी घरी बसले असते," ती म्हणाली. "पंचवीसले फटफटी कुठून आनली असती?" मग थोडं थांबून, हळू, पण मला ऐकू येईल असं ती म्हणाली, "दिवे मले पाहाचे होते, खोटं कायले बोलू. पन दिव्याच्या नावानं तुमच्यासंग निंगता येत होतं. बावीस वर्सं झाले. तुमी कमान घेऊन सारा मुलुख फिरले. मी तुमच्यासंग कुठं गेली? एक माह्या बाच्या मयतीले, आन् एक सिताराच्या सासरी."

मी उगीच फटफटीचा दिवा तपासायला वाकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते थंडीचं होतं असं सांगण्यात आता काही अर्थ नाही. दगडावर बसून दोघांनी डबा उघडला. पुऱ्या आणि खिमा होता. मी खिमा खात नाही म्हणून वेगळी वांग्याची भाजी केली होती. आमचं जेवण होईपर्यंत रामधननं आतून पाण्याचा लोटा आणून दिला. चांदण्यात मिशनचा बंगला पाहत आम्ही जेवलो. रहमतुल्ला मध्येच हातानं दाखवत होता, इथून इथपर्यंत पणत्या, तिथं झाड. ती पाहत होती.

परतीच्या वाटेवर मला फय्याजमियांची आठवण आली. आता ते विचारणार. मी मागं वळून म्हणालो, "रहमतुल्ला, दिवे दिसले म्हणून सांग. कोण बघायला आलं होतं? मीही तेच सांगतो." मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

"नाही जी," तो म्हणाला. "डोयानं जे पाह्यलं नाही ते पाह्यलं म्हनलं, तर मंग चांद पाह्यला म्हनल्यावर कोन मानन?"

"आणि तारीख चुकली म्हणालास तर मानतील?"

त्यानं माझ्या कमरेची पकड तेवढी घट्ट केली.

गल्लीत शेकोटी पेटली होती. फय्याजमियां वेताच्या मोड्यावर बसले होते, भोवती मोहल्ल्यातले पाच-सात जण, बाबूलालही होता. ते सगळे आमचीच वाट पाहत होते, उगीच नव्हते जागे. फटफटी थांबली. भाभी उतरून बुरखा सावरत पडद्याकडं निघाली.

"दिसले का दिवे?" फय्याजमियांनी विचारलं.

रहमतुल्ला शेकोटीपाशी जाऊन उभा राहिला. "नाही दिसले. लागलेच नव्हते. बडा दिन पंचवीस तारखेले हाय. माही गिनती चुकली."

गिनती चुकली हे शब्द त्या तोंडातून कुणी ऐकले नव्हते. बाबूलाल माझ्याकडं बघायला लागला, जणू मीच काहीतरी केलं. फय्याजमियांनी एक काडी शेकोटीत सारली.

"मी एकदाच म्हनलं होतं."

"हो भाईजान. आन् मी कबूल केलं होतं." रहमतुल्ला म्हणाला. "ते मी मोडून राह्यलो. पंचवीसले मी लतीफाले घेऊन पुन्हा जाईन. फटफटी नसली तर बंडीनं जाईन. रात झाली तर रात तथीच राहू."

पडद्यापाशी पोचलेली बाई जागच्या जागी उभी राहिली. चार वर्षं मी समोर राहिलो, भाजीच्या कितीतरी वाट्या घेतल्या, आणि तिचं नाव लतीफा आहे हे मला त्या वेळी कळलं. बावीस वर्षांत रहमतुल्लानं तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती, थोरल्या भावासमोर तर नाहीच. शेकोटीभोवतीचे सगळे आगीकडं बघत बसले. कुणाला वर बघायचा धीर होईना.

फय्याजमियां उठले, मोडा काखेत मारला आणि घराकडं जाता जाता म्हणाले, "बंडीत कडबा जास्त टाकजो. तिले थंडी लागन."